भूतनाथाचा निर्माता : देवकीनंदन खत्री

हिंदी कादंबरीच्या इतिहासात देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांचे नाव नेहमीच काहीशा संकोचाने घेतले जाते. हिंदीला वाचक मिळवून देणारा लेखक म्हणून इतिहासकार त्यांचे ऋण मान्य करतात. आणि ते मान्य करून झाले की त्यांचे ग्रंथ साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवतात. मराठीच्या अभ्यासकाला ही रीत अपरिचित नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा उल्लेख आपल्याकडेही बहुधा हरिभाऊ आपटे यांच्यापूर्वीची एक पायरी एवढ्याच नात्याने होतो. अद्भुताची आवड हे वाचकाचे बालपण आणि वास्तवाची ओढ हे त्याचे प्रौढपण, असा एक समज या मांडणीच्या मुळाशी आहे. खत्रींच्या चरित्राकडे आणि विशेषतः त्यांच्या लेखनाच्या अखेरच्या पर्वाकडे पाहिले असता हा समज अपुरा वाटू लागतो. तिलिस्म आणि ऐयारी यांच्या या लेखकाने आपली शेवटची वर्षे एका अपराधी माणसाच्या आत्मकथनाला वाहिली. तो माणूस म्हणजे भूतनाथ.

देवकीनंदनांचा जन्म १८६१ च्या जून महिन्यात बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बाजूला, पूसा येथे आजोळी झाला. वडील लाला ईश्वरदास. घराणे मूळचे पंजाबातले, व्यापारउदीम करणाऱ्या खत्रींचे. महाराजा रणजितसिंहांच्या पश्चात लाहोर दरबारात जी धुमश्चक्री माजली तिच्यामुळे अनेक कुटुंबे पूर्वेकडे सरकली. ईश्वरदासही त्यांतच काशीला येऊन स्थिरावले. आजोळच्या वास्तव्यात मुलाचे आरंभीचे शिक्षण उर्दू आणि फारसी यांत झाले. नागरी हिंदी आणि संस्कृत यांचा अभ्यास पुढे काशीत झाला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. किस्सा आणि दास्तान यांचे जग त्यांनी परभाषेतून पाहिलेले नव्हते. ते त्यांच्या कानात लहानपणापासून होते.

तरुणपणी ते गयेस गेले. तेथे कुटुंबाची व्यापारी कोठी होती आणि टिकारी संस्थानाशी देवघेवीचे संबंध होते. संस्थानी दरबाराचे अंतरंग त्यांनी तेथे जवळून पाहिले: दिवाणांची कारस्थाने, वारसांचे तंटे, नोकरांच्या बदलत्या निष्ठा. संस्थानाचा कारभार सरकारी व्यवस्थेखाली गेल्यावर ते काशीस परतले. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांच्या कृपेने त्यांना चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. लाकूड आणि इतर वनोत्पन्न यांचा हा व्यवसाय. त्यापायी विंध्याच्या त्या पट्ट्यात त्यांची सतत भटकंती झाली. दाट झाडी, खोल दऱ्या, धबधबे, ओसाड गढ्या, बुजलेल्या विहिरी, आत कोठे जातात ते कोणालाच ठाऊक नसलेली भुयारे आणि या साऱ्यांभोवती गुंडाळलेल्या लोकवार्ता हे त्यांचे रोजचे दर्शन होते. चुनार, विजयगढ, नौगढ, रोहतासगढ ही त्यांच्या कादंबऱ्यांतील स्थाने कल्पनेतली नाहीत. नकाशावर बोट ठेवून ती दाखविता येतात. खत्रींचे अद्भुत अशा खऱ्या भूमीवर उभे आहे.

ठेक्याचे काम सुटल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. त्या वेळची हिंदी गद्याची स्थिती मोठी नाजूक होती. भारतेंदु हरिश्चंद्र १८८५ मध्ये निवर्तले होते. लाला श्रीनिवासदास यांची ‘परीक्षागुरु’ (१८८२) ही कादंबरी सुबोध आणि उपदेशपर होती, परंतु तिच्यासाठी रात्र जागवणारा वाचकवर्ग नव्हता. उत्तरेतील रसिक वाचक तेव्हा उर्दूकडे होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड काढण्यास आरंभ केला होता, आणि त्यांतील जादूगार, ऐयार व मायानगरी यांनी हजारो वाचकांना भारून टाकले होते. नागरी लिपीत या तोडीचे काही नव्हते.

‘चंद्रकांता’चे प्रकाशन १८८८ च्या सुमारास सुरू झाले आणि १८९१ पर्यंत तिचे चार भाग पूर्ण झाले. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम, त्यांच्या आड येणारा दिवाणपुत्र क्रूरसिंह, त्याने चुनारच्या शिवदत्ताशी केलेली हातमिळवणी आणि अखेर तिलिस्म तोडून नायकाने मिळविलेले धन व वधू, असे तिचे कथानक आहे. कथानकाचा हा साचा जुनाच होता. खत्रींचे नवेपण दोन गोष्टींत होते. एक म्हणजे त्यांनी दास्तानातील जादू जवळजवळ हद्दपार केली. त्यांच्या तिलिस्मात मंत्रतंत्र चालत नाहीत. तेथे कळी, चाके, तारा, झडपा, औषधी आणि स्थापत्यातील युक्त्या असतात. पूर्वजांनी आपला ठेवा योग्य वंशजासाठी राखून ठेवण्याकरिता कारागिरांकडून बांधून घेतलेले ते एक अवाढव्य यंत्र आहे. दुसरी गोष्ट ऐयाराची. रूप पालटणारा, कमंद टाकून तटावर चढणारा, बटव्यात बेशुद्धीची चूर्णे आणि शुद्धीवर आणणारा लखलखा बाळगणारा हा दरबारी हेर दास्तानातूनच आला. परंतु खत्रींनी त्याला एक आचारधर्म दिला. ऐयाराने ऐयाराचा प्राण घ्यावयाचा नाही, कैद करावयाचे. युक्तीने युद्ध टाळून सैन्याचे रक्त वाचवावयाचे. आणि धन्याशी कधी बेइमान व्हावयाचे नाही. तेजसिंह, देवीसिंह, चपला, चंपा ही पात्रे या धर्माने बांधलेली आहेत. त्यांतील स्त्रिया पुरुष ऐयारांच्या बरोबरीने संकटे झेलतात, ही गोष्टही त्या काळच्या कादंबरीत उठून दिसणारी आहे.

या कादंबरीची मर्यादाही तेथेच दिसते. पात्रांची वाटणी पहिल्या पानापासून झालेली आहे. क्रूरसिंहाचे नावच त्याचा स्वभाव सांगून टाकते. त्याचे नाझिम आणि अहमद हे ऐयार ज्या रंगात रंगविले आहेत त्यात त्या काळच्या हिंदू मध्यमवर्गाचे पूर्वग्रह उतरले आहेत. वीरेंद्रसिंह शूर आणि प्रेमविव्हल यांपलीकडे जात नाही. पुढे काय घडणार याची उत्कंठा वाचकाला लागते. कोण कसा निघेल याविषयी मात्र त्याला शंका उरत नाही.

तरीही ‘चंद्रकांता’ने केलेले कार्य असामान्य होते. ती वाचता यावी म्हणून उर्दू जाणणाऱ्या असंख्य लोकांनी नागरी अक्षरे शिकून घेतली, ही गोष्ट हिंदी साहित्याच्या इतिहासात सर्वमान्य झाली आहे. काशीत नागरीप्रचारिणी सभा १८९३ मध्ये स्थापन झाली आणि १९०० मध्ये वायव्य प्रांताच्या न्यायालयांत नागरीला प्रवेश मिळाला. परंतु चळवळीला आणि सरकारी आज्ञेला जे साधत नाही ते एका रंजक पुस्तकाने साधले. बोलभाषेच्या जवळ राहणारी, फारसी शब्दांचा बाऊ न करणारी खत्रींची सोपी हिंदी त्याला कारण झाली. पुस्तकांचा खप वाढला तसा त्यांनी १८९८ मध्ये काशीत स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला, आणि १९०० मध्ये माधवप्रसाद मिश्र यांच्या संपादकत्वाखाली ‘सुदर्शन’ हे मासिकही सुरू केले. लेखक, मुद्रक आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्यामुळे वाचकाची नाडी त्यांच्या हाताला थेट लागत असे.

‘चंद्रकांता संतति’चे लेखन १८९४ पासून पुढे सुमारे दहा वर्षे चालले. चोवीस भागांचा हा प्रचंड ग्रंथ वीरेंद्रसिंहाच्या इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह या पुत्रांची कथा सांगण्यासाठी योजलेला होता. काही भाग होतात न होतात तोच जमानियाच्या राज्यातील एक जुने कारस्थान कथेचा कब्जा घेते. राजा गोपालसिंहाचा विवाह बलभद्रसिंहाच्या लक्ष्मीदेवीशी ठरलेला असता, दारोगा आणि त्याचे साथीदार ऐन वेळी तिच्या जागी दुसरीच स्त्री उभी करतात. तीच पुढे मायाराणी म्हणून राज्य बळकावते आणि पतीला कैदेत टाकून तो मेल्याची वार्ता पसरवते. या काळोख्या कथेतून भूतनाथ पुढे येतो.

त्याचे मूळ नाव गदाधरसिंह. रणधीरसिंहाच्या पदरचा हा ऐयार, कसबात कोणालाही हार न जाणारा. एके काळी त्याने आपण मेलो अशी हूल उठवली आणि नाव बदलून तो नव्याने जगू लागला. ‘संतति’त तो कमलिनीच्या बाजूने, म्हणजे सत्पक्षाच्या बाजूने, जिवावर उदार होऊन कामे करतो. वीरेंद्रसिंहाच्या दरबारी प्रतिष्ठेने रुजू व्हावे, एवढीच त्याची इच्छा आहे. पण जुन्या पत्रांचा एक जुडगा आणि पितळेची एक लहानशी पेटी यांचे नाव निघताच या निर्भय माणसाचा चेहरा उतरतो. अंधाऱ्या भुयारात एकटा शिरणारा हा पुरुष चार कागदांना भितो. खत्रींनी येथे योजलेला दैवदुर्विलास अत्यंत तीव्र आहे. कमलिनी ही बलभद्रसिंहाचीच कन्या. आणि तिच्या घरात तारा या नावाने राहणारी तिची सखी म्हणजेच ती परागंदा लक्ष्मीदेवी. ज्या कुटुंबाच्या सर्वनाशाशी भूतनाथाचे नाव जोडलेले आहे त्याच कुटुंबाची तो सेवा करीत असतो, आणि हे त्याला ठाऊक नसते.

खत्रींच्या कल्पनाशक्तीचे मर्म येथे सापडते असे मला वाटते. ऐयारीच्या जगात चेहरा ही सर्वांत अविश्वसनीय गोष्ट असते. रंग लावला की पुरुषाची स्त्री होते, मित्राचा शत्रू होतो, आणि पाण्याने तोंड धुतले की मूळ रूप परत येते. अशा जगात माणसाने आपल्या हाताने लिहिलेली किंवा आपल्या संग्रही ठेवलेली पत्रे मात्र कशानेच धुऊन निघत नाहीत. कमालीच्या चतुर ऐयारालाही स्वतःच्या भूतकाळाचे वेषांतर करता येत नाही. हे लेखन ज्या वाचकांसाठी झाले ते न्यायालये, मुद्रांककागद, दस्तऐवज आणि साक्षीपुरावे यांच्या नव्या युगात राहणारे होते. संस्थानी व्यवहारात वाढलेल्या खत्रींना तर कागदाचे सामर्थ्य पुरते माहीत होते. ‘संतति’चा उत्तरार्ध म्हणूनच हळूहळू भूतनाथाचा मुकदमा बनत जातो. आरोप ठेवले जातात, पत्रे वाचली जातात, खोटे साक्षीदार उघडे पडतात. त्याच्यावरचा सर्वांत भयंकर आरोप बनावट ठरतो. कारण बलभद्रसिंह म्हणून फिर्याद घेऊन आलेला माणूसच सोंगाड्या निघतो. परंतु भूतनाथ निष्कलंक ठरत नाही. कारस्थान त्याने रचलेले नव्हते. ते त्याला कळले होते, आणि द्रव्याच्या लोभाने त्याने मौन पत्करले होते. खून केला नाही, पण जीभ विकली. हा अपराध कादंबरीतल्या खलनायकाचा नाही. तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे, आणि म्हणूनच तो वाचकाला अस्वस्थ करतो.

आपल्या काव्यशास्त्राने धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे नायकाचे चार भेद केले आणि त्याच्यासमोर लोभी, उद्धत, पापी असा प्रतिनायक उभा केला. भूतनाथ यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. तो लोभी आहे आणि स्वामिसेवेसाठी तळमळणाराही आहे. पश्चात्ताप होतो तेव्हा तो खरा असतो, आणि संधी समोर आली की पुन्हा घसरतो तेव्हा ते घसरणेही खरेच असते. त्याचे कुटुंबही त्याच्यासारखेच दुभंगलेले आहे. शांतेपासून झालेली कमला ही सत्पक्षाची निष्ठावान ऐयारा. रामदेईपासून झालेला नानक क्षुद्र आणि भित्रा. राजपुत्रांनी तिलिस्म तोडावे हे विधिलिखितच असते, त्यामुळे त्यांच्या यशाविषयी खरी चिंता वाटत नाही. भूतनाथाचे काय होणार, त्याने काय केले होते आणि त्याला क्षमा करावी काय, हे प्रश्न मात्र भागाभागाने पुस्तक घेणाऱ्या वाचकाला पुढच्या भागापर्यंत स्वस्थ बसू देत नसत. वाचक येथे निव्वळ श्रोता राहत नाही, न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. या ग्रंथाच्या आकर्षणाचे श्रेय नेहमी तिलिस्मातील चमत्कारांना दिले जाते; त्यातील मोठा वाटा या एका माणसाचा आहे.

अखेर राजदरबारात भूतनाथाला क्षमा मिळते आणि तो वीरेंद्रसिंहाचा ऐयार होतो. मात्र त्याने आपली संपूर्ण जीवनी लिहून महाराजांपुढे ठेवावयाची असते. म्हणजे शिक्षेच्या ऐवजी आत्मकथन. लेखकाने आपल्या पात्रावर टाकलेले हे ओझे पुढे स्वतःच उचलले.

समकालीन लेखकांत या काळात वाद माजला होता. असल्या गोष्टी घडणे शक्य आहे काय, आणि त्या लिहून वाचकांची अभिरुची बिघडत नाही काय, असे आक्षेप घेतले जात होते. खत्रींनी ‘संतति’च्या समारोपात त्यांचा परामर्श घेतला. आपला हेतू वाचकाचे कुतूहल जागवून त्याचे मनोरंजन करण्याचा आहे, खऱ्याखोट्याची परीक्षा घेण्याचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. भाषा आरंभी सोपी ठेवून हळूहळू वाचकाला पुढे नेण्याचे आपले धोरणही त्यांनी सांगितले. या उत्तरातील विनय स्पृहणीय असला तरी त्याने त्यांचे नुकसानच केले. लेखकाने स्वतःच ग्रंथाला मनोरंजन म्हटल्यावर त्यात दुसरे काही शोधण्याची गरज टीकाकारांना वाटली नाही.

‘नरेंद्रमोहिनी’, ‘कुसुमकुमारी’, ‘काजर की कोठरी’ इत्यादी कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. परंतु १९०७ पासून त्यांचे लक्ष मुख्यतः ‘भूतनाथ’वर केंद्रित झाले. येथे काळ मागे सरकतो आणि तरुण गदाधरसिंह दिसू लागतो. धन्याच्या घरातील दयाराम या आपल्या मित्राला शत्रूच्या हातून सोडविण्यास तो जातो, आणि तो आपल्याच हातून मारला गेला अशा समजुतीने परततो. गोष्ट कबूल करण्याचे धैर्य होत नाही. दयारामाच्या जमना आणि सरस्वती या स्त्रिया त्याला वैरी समजून सूडाला प्रवृत्त होतात, आणि पहिला अपघात झाकण्यासाठी तो दुसरे, तिसरे आणि चौथे खरेखुरे पाप करीत जातो. त्याचा मित्र इंद्रदेव पुनःपुन्हा त्याला सावरू पाहतो. भूतनाथ रडतो, शपथा घेतो आणि त्या मोडतो. ‘चंद्रकांता’च्या प्रसन्न वनविहारापासून ही कादंबरी फार दूर आली आहे. दऱ्या, भुयारे, ऐयारी, तिलिस्म सारे तेच आहे. पण भुयाराचा काळोख आता माणसाच्या मनात शिरलेला आहे.

या कादंबरीचे सहा भाग झाले असता १ ऑगस्ट १९१३ रोजी काशीत देवकीनंदनांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे होते. पुढचे पंधरा भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री (१८९५-१९७४) यांनी लिहून एकवीस भागांत ही जीवनी पूर्ण केली. पित्याने एका अपराधी माणसाची कैफियत अर्धी टाकून जावे आणि पुत्राने ती पुरी करावी, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच.

आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या इतिहासग्रंथात खत्रींविषयी जे मत नोंदविले तेच पुढे दीर्घकाळ प्रमाण ठरले. हिंदीत इतके वाचक दुसऱ्या कोणी निर्माण केले नाहीत हे त्यांनी मोकळेपणी मान्य केले. पण या कादंबऱ्यांचे लक्ष्य घटनावैचित्र्य आहे, रससंचार किंवा चरित्रचित्रण नव्हे, म्हणून त्यांना साहित्याच्या कोटीत घेता येत नाही, असा त्यांचा निर्णय होता. ‘चंद्रकांता’पुरता हा निर्णय बहुतांशी रास्त आहे. भूतनाथापुढे तो टिकत नाही. पुढे राजेंद्र यादव यांच्यासारख्या कादंबरीकारांनी आणि मुद्रणसंस्कृतीच्या अभ्यासकांनी खत्रींकडे पुन्हा गांभीर्याने पाहिले. दूरदर्शनवर १९९४ पासून चाललेल्या ‘चंद्रकांता’ मालिकेने त्यांचे नाव देशभर घरोघर पोहोचविले, पण मूळ कथेत पुष्कळ फेरफार करून. आणि प्रेक्षकांच्या ओठी बसला तो क्रूरसिंह, म्हणजे ज्याच्याविषयी नावापलीकडे काही जाणून घेण्याची गरजच नाही तो.

भारतीय भाषांतील अद्भुतरम्य कादंबरीचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याने म्हणून देवकीनंदनांचे वाचन ‘चंद्रकांता’वर थांबवू नये. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांच्या शेजारी ती ठेवली तर साम्येच अधिक दिसतील, आणि जुना निवाडा कायम ठेवावासा वाटेल. त्याच मांडणीत भूतनाथाला आणून बसविले की अद्भुतरम्य कादंबरीने वास्तवाच्या आगमनाची वाट न पाहता स्वतःच्याच साधनांनी, कळसूत्री दारे आणि रंगवलेले चेहरे यांच्याच साहाय्याने, माणसाच्या अपराधाचा आणि क्षमेच्या अधिकाराचा विचार आरंभिला होता, हे दिसून येईल. लाकडाचा ठेका घेऊन नौगढच्या रानात हिंडणाऱ्या एका व्यापाऱ्याने हे केले, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांनी अधिक उदारपणे घ्यावयास हवी.